आकडा वाचलात, प्रकाश कधी मोजलात?

बसा दोघंही. टॉर्च टेबलावर ठेवा, बंद करून. मधल्या सुट्टीत तुमचं एकच भांडण रोज माझ्या कानावर येतं: फेनिक्स कंपनीची पीडी३६आर भारी की पीडी३६ टॅक भारी. एक म्हणतो, माझी टॅक ३००० ल्युमेनची, त्याची नुसती १६०० ची. दुसरा म्हणतो, माझा झोत २८३ मीटर जातो, याचा २७४. आणि निकाल लावायला तुम्ही काय केलंत? गच्चीवर जाऊन समोरच्या इमारतीच्या भिंतीवर झोत मारलात. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे परीक्षेत लिहून तुम्ही दोघांनी पैकीच्या पैकी गुण घेतलेत. तेच सूत्र हजारो रुपये मोजताना आठवलं नाही? घरच्यांचे पैसे खर्च केलेत आणि विचार करायचं काम खोक्यावरच्या आकड्याकडे सोपवलंत. माझा राग त्याचा आहे.

आता नीट ऐका. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. एका दिशेला तो किती एकवटला आहे हे सांगतो कॅन्डेला. झोताचा पल्ला ठरतो कॅन्डेलावर, ल्युमेनवर नाही. अमेरिकेत २००९ साली टॉर्चच्या मोजणीसाठी एफएल १ नावाचं मानक आलं. चांगल्या कंपन्या पल्ला त्याच पद्धतीने सांगतात. त्यात पल्ला म्हणजे समोरच्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश ०.२५ लक्सवर उतरतो ते अंतर. वहीत मांडा: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटरमध्ये पल्ला मिळतो. उलट गणित केलंत तर २८३ मीटरला साधारण २०,००० कॅन्डेला येतात आणि २७४ मीटरला साधारण १८,८००. म्हणजे जवळजवळ दुप्पट ल्युमेनची टॉर्च पल्ल्यात नऊ मीटर मागेच आहे. हे गणित तीन ओळींचं आहे. तुमच्यापैकी एकानेही ते केलं नाही, भांडलात मात्र आठवडाभर.

मग ते जास्तीचे १४०० ल्युमेन गेले कुठे? बाजूला पसरले. टॅकमधली एलईडी मोठ्या पृष्ठभागाची आहे. प्रकाश देणारा पृष्ठभाग मोठा आणि परावर्तक मात्र मुठीत मावेल एवढाच, तर तो प्रकाश बारीक एकवटता येत नाही. झोताचा मधला ठिपका रुंद होतो आणि भोवतीचा उजेड वाढतो. हा काही दोष नव्हे. जवळचं, रुंद दृश्य पाहायला तो प्रकाश उपयोगाचाच आहे. पण टॅकवाल्या, तू ती घेतलीस लांबचं दिसावं म्हणून, आणि लांबचं तर या दुसऱ्या टॉर्चमध्येही तेवढंच दिसतं. शिवाय आपला डोळा प्रकाशाची वाढ सरळ प्रमाणात मोजत नाही. दुप्पट उजळ वाटायला प्रत्यक्षात प्रकाश चौपटीच्या आसपास लागतो. ३००० आणि १६०० मधला फरक कागदावर जेवढा डोळ्यांत भरतो, तेवढा शेतात किंवा रस्त्यावर भरत नाही.

आणि तू, २८३ मीटरवाल्या, हसू नकोस. ०.२५ लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. २८३ मीटरवर काहीतरी आहे एवढं कळेल. ते झाडाचं खोड आहे की बसलेलं वासरू, हे कळेलच असं नाही. निम्म्या अंतरावर, म्हणजे १४१ मीटरवर, प्रकाश चौपट होऊन १ लक्स होतो. ७० मीटरवर ४ लक्स. ओळख पटवण्यासारखं दिसतं ते इथे. तेव्हा नऊ मीटरच्या फरकावर मैत्री पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. हे ३००० ल्युमेन किती वेळ टिकतात, हा प्रश्न तुम्ही विचारलात का? दोन्ही टॉर्चमध्ये २१७०० आकाराचा, ५००० एमएएचचा लिथियम सेल आहे. ३.६ व्होल्टने गुणा: १८ वॅट-तास. एका वॅटला १०० ल्युमेन धरले तर ३००० ल्युमेनला ३० वॅट लागतील आणि सेल कागदावरही ३६ मिनिटांत रिकामा होईल. पण ३६ मिनिटंसुद्धा मिळणार नाहीत, कारण या ३० वॅटपैकी निम्म्याहून जास्त उष्णतेत जातात. आपल्या प्रयोगशाळेतला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. त्याच्या जवळपास उष्णता तुम्ही मुठीत धरलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत कोंडता आहात. म्हणून टॉर्चमधलं सर्किट काही मिनिटांत प्रकाश आपोआप खाली उतरवतं. तो उतरवला नाही तर हात भाजेल आणि एलईडी जळेल. याला बिघाड म्हणू नका, ती शहाणपणाने केलेली रचना आहे.

त्यातही एफएल १ चा नियम माहीत करून घ्या. खोक्यावरचे ल्युमेन टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत मोजलेले असतात. आणि 'चालण्याचा वेळ' म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. १६०० ल्युमेनची टॉर्च १६० वर आली तरी कागदोपत्री ती अजून 'चालू'च असते. यात कंपनी खोटं बोलत नाही, मोजायची रीत छापील मानकात दिलेली आहे. ती न वाचता 'इतके तास १६०० ल्युमेन' असं तुम्ही जगाला सांगत सुटलात, ती चूक तुमची.

टॉर्च खरी पारखायची असेल तर तिचे खालचे टप्पे बघा. पीडी३६आरचा सर्वांत खालचा टप्पा ३० ल्युमेनचा आहे आणि त्यावर ती ११५ तास चालते असं कंपनी सांगते. वीज गेल्यावर स्वयंपाकघरात वावरायला, जिन्यात, गाडीचं चाक बदलताना, आजारी माणसाच्या खोलीत ३० ल्युमेन भरपूर होतात. पायवाटेने चालायला १०० ते १५० पुरतात. रोजच्या वापराची नव्वद टक्के कामं या दोन टप्प्यांत होतात असं माझं ठाम मत आहे. तुम्ही दोघं आठवडाभर भांडलात ते उरलेल्या दहा टक्क्यांवरून.

आता तू सांग. ही टॉर्च वडिलांसाठी घेतली म्हणालास ना? रात्रीची लाईट असली की ते उसाला पाणी द्यायला जातात, दारं धरतात. मग त्यांच्या हातात काय असतं? खोरं असतं, आणि दोन्ही हात त्यात गुंतलेले असतात. टॉर्च धरायची कुठे, काखेत? तिसरा हात त्यांना नाही, हे मुलाच्या लक्षात यायला नको? त्यांना या दोन्हींपैकी एकही नको. त्यांना हवी डोक्याला बांधायची बॅटरी, दोन-तीनशे ल्युमेनची, रुंद उजेडाची, रात्रभर टिकणारी. आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. मण्यार रात्रीच बाहेर पडते. घोणस बांधाच्या गवतात निश्चल पडून राहते. तुझे वडील सरीत पाय टाकतात तेव्हा त्यांना पुढची चार पावलं दिसायला हवीत. पावणेतीनशे मीटरवरचं विजेच्या खांबाचं टोक दिसून त्यांना काय करायचं आहे? एक अपवाद मी मान्य करतो. जुन्नर-आंबेगावसारखा भाग असेल, उसाच्या कडेला बिबट्याची शंका असेल, तर फडाकडे जाण्याआधी लांब झोत टाकून बघायलाच हवं. त्यासाठी हातातली टॉर्च जरूर जवळ ठेवा. पण डोक्यावरच्या बॅटरीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.

उजेडाचा रंगही बघा. अशा एलईडी टॉर्चचा प्रकाश बहुधा निळसर पांढरा असतो. त्यात लाल रंगाचा वाटा कमी, त्यामुळे तांबडे आणि तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात. रत्नागिरीकडच्या कातळावर, सुक्या पाचोळ्यात फुरसं बसलं असेल तर अशा प्रकाशात ते पटकन उठून दिसत नाही. रंग किती खरे दिसतात याचाही एक आकडा असतो, सीआरआय. नव्वदच्या पुढचा सीआरआय असलेला प्रकाश थोडा मंद मिळतो, पण पायाखालचं जास्त ओळखू येतं. तुमच्या भांडणात हा आकडा मी एकदाही ऐकला नाही.

तू ट्रेकवाला. रात्री हरिश्चंद्रगड चढताना सबंध रस्ता टर्बोवर, म्हणजे पूर्ण ताकदीवर, लावून चालणार होतास, होय ना? काळोखाला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो. एक जोरदार झोत डोळ्यांवर आला की तो सराव मोडतो, तुझा आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचाही. धुक्यात तर हा झोत समोर पांढरी भिंत उभी करतो. तिथे उजेड कमी करायचा आणि टॉर्च कमरेशी, खाली धरायची, म्हणजे परतलेला प्रकाश थेट डोळ्यांत येत नाही. चढताना १५० ल्युमेन, थांबल्यावर ३०, आणि वाट चुकल्याची शंका आली तरच क्षणभर टर्बो. असं वापरलंस तर एका सेलमध्ये रात्र निघेल. तुझ्या पद्धतीने खिंडीच्या आधीच सेल बसेल, आणि मग तू मोबाईलच्या उजेडात दहा जणांना खाली आणणार का?

पावसाचं पाणी, धूळ याबाबत दोन्ही टॉर्च आयपी६८ आहेत, तिथे भांडायला जागा नाही. पीडी३६आरच्या चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण मात्र नीट दाबून बसवा.

स्वस्तातल्या टॉर्चचा एक सेल तुम्ही वर्गात फिरवत होतात, तोही इकडे द्या. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलं आहे. या आकाराचा उत्तमातला उत्तम सेल आज साडेतीन-चार हजारांच्या आसपास असतो. ९९०० हा धडधडीत खोटा आकडा आहे, आणि ज्याने तो छापला त्याने आतलं संरक्षक सर्किट तरी खरं बसवलं असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तराजू आपल्याच प्रयोगशाळेत आहे, तुम्ही उठून तिथे गेला नाहीत. लिथियमचा सेल तापला, फुगला, आवरण फाटलं तर आग लागते. तो उशाशी चार्जिंगला लावून झोपणारी मुलं माझ्या वर्गात नकोत.

आता ज्यासाठी खरं तर मी तुम्हाला बोलावलं ते. काल रात्री गेटवरच्या वॉचमनकाकांच्या डोळ्यांवर स्ट्रोब कोणी मारला? मान खाली घालू नका, उत्तर द्या. 'टॅक्टिकल' टॉर्चमध्ये तो लपलपणारा झोत दिलेला असतो समोरच्या हल्लेखोराला क्षणभर आंधळं करण्यासाठी. पोलिसांच्या, सैनिकांच्या कामासाठी. टॅकच्या मागच्या कडीवर टॅक्टिकल टप्पा ठेवला की बटण दाबताक्षणी पूर्ण ताकदीचा झोत निघतो, आधी मंद होऊन नाही. हाच झोत रस्त्यावर एखाद्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर पडला तर पुढचे काही सेकंद त्याला रस्ता दिसणार नाही. त्याच्यामागे त्याची बायको बसलेली असेल, टाकीवर मूल असेल. याला खेळ म्हणायचं नाही. आज संध्याकाळी दोघांनी जाऊन काकांची माफी मागायची, मी विचारणार आहे.

दोन्हींत निवड माझ्यावर आली तर घरात आणि गावाकडे रोज वापरायला मी पीडी३६आर घेईन. तिच्या अंगातच यूएसबी-सीचं तोंड आहे, मोबाईलच्याच वायरवर ती चार्ज होते, आणि टप्पे बदलायचं बटण अंगठ्याखाली, बाजूला आहे. म्हातारं माणूसही ती एकदा दाखवल्यावर वापरू शकतं. रात्रपाळीच्या गस्तीवर जाणाऱ्याने खुशाल टॅक घ्यावी, त्याला तिचा उपयोग आहे. पण माझं मत पाठ करू नका. मीही तुम्हाला एक आकडाच दिला असं होईल.

उद्या दोन्ही टॉर्च पूर्ण चार्ज करून आणा. चार वाजता खालच्या लांब व्हरांड्याचे पडदे ओढलेले असतील. लक्समीटर दहा मीटरवर ठेवायचा. लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कॅन्डेला, म्हणजे शंभराने. पहिलं वाचन अर्ध्या मिनिटाला, मग दर पाच मिनिटांनी, तासभर. शेजारी टॉर्चच्या डोक्याचं तापमान लिहायचं. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायचे, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि अर्ध्या तासाने कामं बदलायची. आलेख झाल्यावर तू वडिलांना फोन लावायचास आणि रात्री शेतात जाताना त्यांच्या हातात काय काय असतं ते एकेक करून विचारायचंस. त्या यादीनंतर कुठली बॅटरी घ्यायची ते मला येऊन सांग.