येशूला ‘प्रियतम’ म्हणताना



मिस्सेत येशूला ‘प्रियतम’ म्हणणारे गीत आले, की आपल्यापैकी काहींना संकोच वाटतो. देवाशी अशी भाषा शोभते का?

पवित्र शास्त्राला तिचे वावडे नाही. ‘गीतरत्न’ हे तर प्रेमकाव्यच आहे. संत बर्नार्ड यांनी त्यावर ८६ प्रवचने लिहिली. रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात सांगितले, की ओढ लावणारे प्रेम आणि स्वतःला देणारे प्रेम यांची पूर्ण फारकत करता येत नाही.

मात्र संत पौल (इफिसकरांस ५) वधू म्हणतो, ती एकट्यादुकट्याला नव्हे, तर संपूर्ण ख्रिस्तसभेला. तिच्यासाठी वराने स्वतःला अर्पण केले. म्हणजे ज्याच्याशी आपण वर्षभर बोललो नाही, तो शेजारच्या बाकावरचा भाऊही त्याच वधूचा भाग आहे. त्याला वगळून म्हटलेले ‘प्रियतम’ हा नुसता गोड सूर.

या आठवड्यात आपण बेटेगावकर एक तरी अबोला संपवू या. मग पुढच्या रविवारी तेच गीत मोकळ्या कंठाने गाऊ.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.