अबू उमैरचा पक्षी

‘इस से क्या फायदा?’ हा प्रश्न आपल्या घरांत, मोहल्ल्यांत आणि शाळांत जितक्या वेळा कानावर पडतो, तितका दुसरा कुठलाच पडत नसेल. मुलगा वहीच्या शेवटच्या पानावर घोडा काढतो, मुलगी आपल्याच नावाची अक्षरे उलटीसुलटी गुंफून वेल तयार करते, कोणी मामू दुकानात बसल्या बसल्या गिऱ्हाइकांवर तुकबंदी करतो. लगेच कोणीतरी विचारतो, याचा फायदा काय? आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हा प्रश्न आम्ही पालकांकडून ऐकतो, सहकाऱ्यांकडून ऐकतो, आणि आमच्या प्रशिक्षणानेही आम्हाला तोच शिकवला आहे. बी.एड.ला पाठटाचण लिहिताना पहिला रकाना उद्दिष्टांचा आणि त्याला लागून स्पष्टीकरणांचा. उद्दिष्ट नसलेला पाठ हा पाठच नव्हे!

शाळेत कला नाही असे कोणी म्हणू नये. बैतबाजी आहे, पण ती ट्रॉफीसाठी. चित्रकला आहे, पण ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडसाठी, कारण त्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात. खुशखती आहे, कारण पेपर तपासणाऱ्यावर चांगला परिणाम होतो. नातखानी आहे, तिला सवाब आहे. नुसता मजेने काढलेला घोडा मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही.

या प्रश्नाची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. तो गरिबीतून आला आहे. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि आपण शिक्षणात, नोकरीत, बँकेच्या कर्जात कुठे उभे आहोत हे देशाने आकड्यांत पाहिले. आपल्याला ते आकड्यांशिवायही ठाऊक होते. ज्या घरात बापाची मजुरी आठवड्यावर मिळते, त्या घरात तासाची किंमत असते. तिथे घोड्याचे चित्र चैनीचे वाटणारच. आपल्या साहित्याचीही तीच कथा. 1857 नंतरच्या उद्ध्वस्त काळात हालींनी 1879 मध्ये ‘मुसद्दस’ लिहून कौमला तिची अवस्था दाखवली आणि 1893 च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त शायरीने समाजाच्या उपयोगी पडावे असा आग्रह धरला. 1936 साली लखनौला प्रगतिशील लेखकांचे अधिवेशन भरले, तेव्हा ‘अदब बराए अदब की अदब बराए जिंदगी’ हा वाद पेटला आणि जिंदगीवाल्यांची सरशी झाली. 1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते मुळातच एका हेतूने, की आमचे जगणे मराठीत यावे. ते योग्यच होते. परंतु या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की आपल्याकडचा माणूस लेखणी हातात घेतो तेव्हा त्याच्या खांद्यावर अख्खी कौम बसलेली असते. तलाकवर लिही, दंगलीवर लिही, शिक्षणावर लिही. पावसात भिजलेल्या बकरीवर लिहिलेस तर लोक विचारणार, ही बकरी कशाचे प्रतीक आहे?

दुसरा आक्षेप दीनचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. वेळ ही अमानत आहे, तिचा हिशेब द्यायचा आहे. माणसाला ‘अबस’ म्हणजे विनाकारण निर्माण केलेले नाही, हे कुरआन सांगते. मग विनाकारण गोष्टीत वेळ घालवणे कसे चालेल? आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही. पण एक हदीस आम्हाला फार दिवसांपासून सोडत नाही, ती वाचकांपुढे ठेवतो.

हजरत अनस (र.) यांचा एक लहान भाऊ होता, अबू उमैर. त्याने चिमणीएवढा एक पक्षी पाळला होता. अरबीत त्याला ‘नुगैर’ म्हणतात. तो पक्षी मेला. पोरगा खिन्न होऊन बसला. हजरत पैगंबर (स.) त्या घरी येत असत. त्यांनी त्याला विचारले, तुझ्या पक्ष्याचे काय झाले? पण साध्या शब्दांत नव्हे. ‘उमैर’ला ‘नुगैर’चे यमक जुळवून विचारले. ज्याच्यावर एका उम्मतची जबाबदारी होती, त्या माणसाने मेलेल्या पक्ष्याच्या दुःखात बुडालेल्या पोरासमोर बसून यमक जुळवले!

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हिजरीच्या चौथ्या शतकातले शाफई फकीह इब्नुल कास यांनी या एवढ्याशा हदीसवर एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यातून साठ मुद्दे काढले. मुलाला कुन्यतने हाक मारणे जायज, मुलाने पक्षी बाळगणे जायज, सभ्य विनोद जायज, असे करत करत साठ! त्यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही मान झुकवतो. तरीही वाटते की यमकाचा तो क्षण त्या साठांच्या आधीचा आहे. ते शब्द उच्चारताना समोर फक्त एक उदास पोरगा होता. कोणी म्हणेल, त्याला हसवणे हाच हेतू होता. असेल. पण हसवायला साधे वाक्यही पुरले असते. यमक हे त्याच्या वरचे आहे, आणि आमचा सगळा प्रश्न या ‘वरच्या’ गोष्टीविषयी आहे.

सूरह नहलमध्येही असेच काही आढळते. गुराढोरांचा उल्लेख येतो. त्यांच्यापासून ऊब मिळते, खायला मिळते, ती ओझी वाहतात, अशी उपयोगांची यादी आहे. पण त्या यादीच्या मध्येच एक वेगळी आयत येते, की संध्याकाळी तुम्ही त्यांना घरी आणता आणि सकाळी चरायला सोडता तेव्हा त्यांच्यात तुमच्यासाठी सौंदर्य आहे. ऊब आणि मांस यांच्या जोडीला ‘जमाल’ स्वतंत्र सांगितला आहे. गोठ्यात परतणाऱ्या जनावरांकडे नुसते पाहत उभे राहणाऱ्या गुराख्याला कोणी ‘क्या फायदा’ विचारले, तर त्याला निदान या आयतीचा आधार आहे.

आता आमच्यासारखी बाजू मांडणारे बहुतेक लोक इथे एक चूक करतात. ते म्हणतात, आज निरुपयोगी दिसणारी कला उद्या उपयोगी ठरते. आणि गालिबचे उदाहरण देतात. गालिबने दोस्तांना उर्दूत पत्रे लिहिली. आंबे, उधारी, पेन्शन, दिल्लीचा उकाडा, शागिर्दांची थट्टा. ती छापायची कल्पना निघाली तेव्हा त्याला ती आवडली नव्हती. पुढे 1868 मध्ये ‘ऊद-ए-हिंदी’ निघाले, 1869 च्या फेब्रुवारीत तो वारला आणि त्यानंतर लवकरच ‘उर्दू-ए-मुअल्ला’ आले. उर्दू गद्याला या पत्रांनी बोलायला शिकवले. हे सगळे खरे आहे. गंमत म्हणजे उपयुक्ततेचा आग्रह धरणाऱ्या हालींनीच ‘यादगार-ए-गालिब’मध्ये उस्तादाचे विनोद आणि लतीफे जपून ठेवले. पण हा युक्तिवाद पत्करला की आपण पुन्हा फायद्याच्याच दारात जाऊन उभे राहतो, फक्त पावती उशिरा मिळते. त्या काळी दिल्लीत आणि दख्खनमध्ये कितीतरी जणांनी दोस्तांना अशीच खेळकर पत्रे लिहिली असतील आणि ती वाळवीने खाल्ली असतील. ती लिहिणाऱ्यांचा वेळ वाया गेला काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि ते वाळवीसकट नाही असे आहे.

मालेगावकडे पाहा. यंत्रमागांचे गाव, शुक्रवारची सुट्टी. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली मित्रांना जमवून ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला, त्यात यंत्रमागावर काम करणारा किरकोळ अंगाचा शफीक उडाला. चित्रपट विकले गेले, पार्लरमध्ये चालले, हे आम्हाला ठाऊक आहे; निव्वळ निष्काम कर्म नव्हते ते. पण मागाच्या पाळ्या करून आलेला माणूस अंगावर सुपरमॅनचा झगा चढवतो ते काही पैशाच्या हिशेबाने नव्हे. 2008 मध्ये फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. शफीक पुढे कर्करोगाने गेला. 2025 मध्ये मुंबईच्या मोठ्या लोकांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. स्फोटांनी होरपळलेल्या गावाबद्दल काही चांगले लिहायला मिळाले म्हणून बाहेरच्यांनी या खटाटोपात आशा पाहिली, संघर्ष पाहिला, संदेश पाहिला. आम्हाला त्यात आधी दिसते ती मस्ती.

आणि आता ज्याविषयी बोलायला आम्ही कचरतो ते. खेळायला वेळ कोणाच्या वाट्याला येतो? आपल्याकडे रात्र रात्र मुशायरे रंगतात. ‘वाह वाह’ करणाऱ्यांसाठी चहा कोण करते, पहाटे परतणाऱ्या शायरासाठी जेवण झाकून कोण जागते? घरच्या बाईलाही हुनर असते, पण तिने नुसते बसून काही केलेले कोणाला पाहवत नाही. म्हणून तिने आपला खेळ उपयोगी वस्तूत दडवला. गोधडी पांघरायला लागतेच. मग तिच्या मधोमध जुन्या दुपट्ट्याचा लाल तुकडा तिरका का लावला, हे कोणी विचारत नाही. शेवया लागतातच; पण खाटेवर वाळत घालताना त्यांची नक्षी होते. आमच्या अम्मींच्या हातच्या गोधडीत एका कोपऱ्यात उलट्या टाक्यांचा एक मासा आहे. तो उबेत काडीचीही भर घालत नाही. विचारले तर म्हणतात, “दोरा उरला होता.” इतकी वर्षे तोच जबाब. मेंदीचे तर बोलायलाच नको. तासन् तास काढायची आणि पंधरवड्यात पुसून जाणार. तिला ईद किंवा लग्नाचे निमित्त लागते. निमित्ताशिवाय मंगळवारी दुपारी हातावर मेंदी काढणाऱ्या सुनेविषयी काय बोलले जाते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून आमच्या मते हराम-हलालच्या वादाइतकाच हा वेळेच्या वाटणीचा वाद आहे. दुसऱ्याच्या थकव्यावर उभा राहिलेला खेळ आम्हाला मान्य नाही. नमाज, मुलांची फी, आजाऱ्याची औषधे, देणेकऱ्याचे पैसे यांचा हक्क पहिला. त्यानंतर जो अर्धा तास उरतो तो स्वतःचा, आणि त्याचा हिशेब सासू, मुख्याध्यापक किंवा कौम यांपैकी कोणी मागू नये. हल्ली मागणाऱ्यांत मोबाइलची भर पडली आहे. काही काढले की ‘टाका की स्टेटसवर’, ‘क्लास काढा’, ‘ऑर्डर घ्या’. प्रेमानेच म्हणतात, पण बोलतो तो जुनाच प्रश्न.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची तासिका आम्ही सातवीला अशीच देतो. कागद, पेन्सिली, तुटक्या रंगकांड्या. स्पर्धा नाही, फळ्यावर लावणे नाही, गुण नाहीत. सुरुवातीला मुले गोंधळतात. “सर, क्या बनाना है?” काही नाही. “फिर भी?” दहा मिनिटे कोणी पेन्सिल उचलत नाही, एकमेकांकडे बघतात. मग मागच्या बाकावर कोणीतरी हसते आणि सुरू होते. नियोजनाच्या वहीत या तासाच्या उद्दिष्टाचा रकाना आम्ही कोराच ठेवतो. मुख्याध्यापकांनी दोनदा त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आहे. दुसऱ्या वेळचे प्रश्नचिन्ह चांगले वळणदार आहे, खालचा टिंब त्यांनी नीट गोल भरला आहे.