मांडीवरचा हात

बसला असाल तर तसेच बसा. उजवा तळवा अलगद मांडीवर ठेवा.

दाबू नका. नुसता ठेवा.

श्वास येतो. श्वास जातो. हाताखाली आधी कापड, मग कातडीची ऊब. त्याखाली, मऊ आणि भरीव, स्नायू.

थांबा थोडं.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. पडदा ओढलेला. पाठीशी उशा लावून एक आजी पलंगावर टेकली आहे. पाय सरळ, सैल.

तिला सीओपीडी आहे, फुप्फुसांचा जुनाट आजार. बिडीला तिनं कधी हात लावला नाही. चूल मात्र रोजची. रोजची फुंकणी, रोजचा धूर.

कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप धरली जाते. त्या अंतराचे पाच भाग. वरून तिसरा संपतो तिथं पेनची एक बारीक खूण.

त्या खुणेवर जेल. गार. आजी किंचित दचकते.

जेल भरपूर लागतं. मध्ये हवा राहिली की सोनोग्राफीचा आवाज तिथूनच माघारी फिरतो. हवेनं भरलेल्या फुप्फुसात तो खोल उतरत नाही. मांडीत उतरतो.

म्हणून श्वासाच्या आजाराची एक बाजू इथं, मांडीपाशी ऐकायची.

ऐका. आपल्या कानाला सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचं ऐकू येतं. हा आवाज लाखांच्या घरातला. सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं तो आत जातो, परत येतो. खोली शांतच राहते.

आवाज सोडणारा प्रोब टेकतो, दाबत नाही. दाबला तर स्नायू चपटा होईल. तुमचा हातही तसाच असू द्या.

यंत्राच्या पडद्याकडे पाहा. वर चरबीचा थर. मग एक पांढरी रेघ. तळाशी मांडीच्या हाडाची लखलखीत कमान, तिच्यामागे काळोख.

मधे एक काळसर, लांबट गोल. रेक्टस फिमोरिस. उठताना, जिना चढताना राबणाऱ्या चार स्नायूंपैकी एक.

त्याच्याकडे पाहत राहा.

तो लहान झाला आहे. दम लागतो म्हणून चालणं कमी. चालणं कमी म्हणून मांडी झिजते. झिजलेली मांडी लवकर थकते, आणि दम आणखी लवकर लागतो. वजनकाट्याला हे कळेलच असं नाही. स्नायू जातो, चरबी राहते, काटा तिथंच. पडद्यावर मात्र काळ्यात करडं मिसळलेलं दिसतं.

डॉक्टर त्या गोलाची कड आखते. चौरस सेंटिमीटरमध्ये आकडा उमटतो. ती पुन्हा मोजते. पुन्हा एकदा. हे पुन्हा मोजणं मला फार मोलाचं वाटतं. एका थकलेल्या मांडीकडे कुणीतरी इतक्या निगुतीनं पाहतंय.

फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. हा गोल मात्र थोडा भरू शकतो. रोजच्या उठाबशांनी, पायाला बांधलेल्या वाळूच्या पिशवीनं, ताटातल्या डाळीनं, अंड्यानं.

श्वास येतो. श्वास जातो.

जेल पुसलं जातं. आजी पलंगाच्या कडेला येते.

"आजी, ओठांचा चंबू करा. फुंकर घातल्यासारखा श्वास सोडा, आणि उठा."

फुंकर तिला शिकवावी लागत नाही.

तुम्हीही उठा. सावकाश. हात मांडीवरच असू द्या. तळव्याखाली ती ताठ होते आहे.

श्वास सोडा.