मुख्यार्थाला बाध येतो तो कोणाला?

उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, दृष्टान्त, अभिधा, लक्षणा, व्यंजना, शांतरस. माध्यमिक शाळेच्या मराठी व्याकरणात या संज्ञा व्याख्या आणि उदाहरण अशा जोडीने पाठ केल्या जातात. त्यांपैकी कित्येकींचा जन्म कवितेच्या रसग्रहणासाठी झालेला नाही. लक्षणा हे तर मीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावताना परजलेले हत्यार. ते शाळेत पोचेपर्यंत त्याची धार गेली आणि ‘शब्दशक्ती ओळखा’ एवढेच त्याचे काम उरले. परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या तालुक्याच्या गावी मात्र ही धार अजून लागू शकते. तिथला विद्यार्थी संतांचे अभंग पाठ्यपुस्तकात वाचतो, तसेच सप्ताहातल्या कीर्तनातही ऐकतो, आणि दोन्हीकडे अभंगाचा अर्थ एकाच रीतीने लावला जात नाही.

लक्षणा केव्हा मानावी, याच्या अटी अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त नेमक्या सांगितल्या आहेत. शब्दाच्या मूळ अर्थाला बाध यावा, दुसऱ्या अर्थाचा पहिल्याशी संबंध असावा, आणि असे बोलण्यामागे रूढी तरी असावी किंवा काही प्रयोजन तरी. परंपरेने चालत आलेले उदाहरण गंगेवरच्या गौळवाड्याचे आहे. वाहत्या पाण्यावर घरे उभी राहत नाहीत, म्हणून ‘गंगा’ म्हणजे गंगेचा काठ असे घ्यायचे. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या मराठवाड्यात या उदाहरणाला टीप जोडावी लागत नाही. त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य मनात उमटते, ते काम व्यंजनेचे.

या तीन अटींवर वेदान्तातला एक मोठा वाद उभा आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ म्हणजे ‘ते तू आहेस’ हे वाक्य नऊ वेळा सांगतो. ‘ते’ म्हणजे ब्रह्म सर्वज्ञ आणि ‘तू’ म्हणजे जीव अल्पज्ञ. दोघे एक कसे? अद्वैती म्हणतात, इथे मुख्यार्थाला बाध येतो. म्हणून दोन्ही पदांतला विरोधी भाग सोडायचा आणि उरलेले चैतन्य घ्यायचे. रामानुजांना ही सोडवणूक मान्य नाही. जीव ज्याचे शरीर आहे तो परमात्माच ‘तू’ या पदाने सांगितला आहे, तेव्हा मुख्यार्थ जागच्या जागी राहतो, लक्षणेचे कारणच नाही. मध्वांनी तर पदच्छेद बदलला आणि ‘अतत्’ वाचून ‘ते तू नाहीस’ असा अर्थ काढला. तिघांसमोर अक्षरे तीच होती. मुख्यार्थाला बाध येतो की नाही, आणि आला तर काय करायचे, यावर तीन दर्शनांची उत्तरे वेगळी झाली.

हाच प्रश्न परभणी जिल्ह्याच्या घरच्या कवितेतही आहे. जनाबाई गंगाखेडची. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. उत्तरपत्रिकेत याला काय लिहावे? विठ्ठल म्हणजे पंढरपूरची दगडी मूर्ती धरली तर अचेतनावर मानवी क्रियांचा आरोप झाला. नियमाने ही चेतनगुणोक्ती. पण हे उत्तर लिहिताच मूर्ती अचेतन आहे असे कबूल करून टाकले जाते. प्रश्न अलंकाराचा होता, निवाडा देवाबद्दल झाला. वारकऱ्याच्या लेखी जात्याचा खुंटा धरणारा देव हा आरोप नव्हे, घडलेली गोष्ट आहे. त्याच्यापुरती तिथे निव्वळ अभिधा, म्हणजे शब्दाचा थेट अर्थच, आहे.

म्हणजे बाध वाक्यात नसतो, ऐकणाऱ्याच्या मान्यतेत असतो. व्याकरणाच्या पुस्तकांत हे सहसा सांगितलेले नसते, आणि ती उणीव लहान नाही. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग पुढे मूर्तिपूजा आणि जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेचे एक संस्थापक झाले. अशा वाचकाला देव दळायला बसला म्हटले की बाध येणारच. त्याने लक्षणेकडे जाणे प्रामाणिकपणाचेच आहे. फक्त ते वाचन सर्वांचे म्हणून गृहीत धरता येत नाही. श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांना एकत्र आणणारी जागा व्यंजनेची. दासीच्या कष्टात देवाला कमीपणा वाटत नाही, हे सूचन दोघांच्याही कानी पडते, मग दळण खरोखर झालेले असो वा नसो.

रसांच्या यादीतही असाच पेच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मूळ आठ रस. नववा शांत नंतर स्थिरावला. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याला मोक्षाशी जोडून सर्व रसांच्या मुळाशी बसवले. देवाविषयीच्या प्रेमाला मात्र जुने शास्त्रकार रस मानत नव्हते, केवळ भाव मानत. सोळाव्या शतकात रूप गोस्वामी आणि मधुसूदन सरस्वती यांनी भक्तीला रसाचे स्थान दिले. मधुसूदन सरस्वती कट्टर अद्वैती असूनही त्यांनी हे केले. मराठी शालेय पुस्तकांत काही ठिकाणी नऊ रस असतात, काही ठिकाणी भक्ती आणि वत्सल यांची भर पडते. नवांची यादी पाठ केलेला विद्यार्थी जनाबाईच्या अभंगापुढे ‘शांत’ लिहितो. पण देवाशी भांडणाऱ्या, त्याला शिव्या घालणाऱ्या तिच्या रचनांना ते उत्तर बसत नाही.