नामस्मरण आणि जाहिरात

चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्यातील गाणे लोकांच्या कानी पाडावे, त्या गाण्याच्या ओढीने प्रेक्षकाला तिकीटखिडकीपर्यंत आणावे, आणि चित्रगृहातून बाहेर पडताना त्याच प्रेक्षकाला तबकडी विकत घेण्याची इच्छा व्हावी, असा परस्परांना पोसणारा व्यवहार आपल्या देशात बोलपटांच्या आरंभीच्या काळापासून दीर्घकाळ चालत आला. या व्यवहाराबद्दल माझी फिर्याद नाही. कलावंतालाही पोट असते. परंतु ते गाणे जेव्हा अभंग असते, आरती असते, तेव्हा ईश्वराच्या नावाने चित्रपटाचा प्रसार होतो की चित्रपटाच्या द्वारे ईश्वराच्या नावाचा, हा प्रश्न केवळ जमाखर्चाचा राहत नाही.

तो अवघड होण्याचे कारण असे की दोहोंचे साधन एकच आहे. वारकरी संप्रदायाने नामाची सारी शक्ती पुनरुच्चारात पाहिली. टाळमृदंगाच्या ठेक्यावर तेच नाम पुन्हा पुन्हा घेतल्यावाचून चंचल चित्त स्थिरावत नाही, हा त्या साधनेचा अनुभव आहे. आकाशवाणीवरून आणि चौकातल्या ध्वनिक्षेपकांतून तेच गाणे वाजवणाऱ्या व्यावसायिकालाही मनाचा हाच धर्म ठाऊक असतो. एकाला वासना क्षीण करावयाची असते आणि दुसऱ्याला ती जागवावयाची असते, परंतु कानावर आदळणारा ध्वनी बाह्यतः सारखाच असल्यामुळे केवळ ऐकून निवाडा करता येत नाही.

प्रभात कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ या दृष्टीने फार विचार करण्याजोगा आहे. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत, आणि एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या वेषात, असा तो योग होता. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील पदे गावोगाव पोहोचली, आणि त्या पदांनी पुन्हा नवे प्रेक्षक चित्रगृहाकडे वळवले. या साऱ्यात जाहिरात होतीच. ती नव्हती असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर रचलेले एक पद लोकांनी तुकोबांचेच म्हणून स्वीकारले, आणि भल्याभल्या जाणकारांनाही तो गाथेतला अभंग वाटला. ज्या पदाने चित्रपटाची आठवण देत राहावे अशी व्यवसायाची अपेक्षा, ते पद चित्रपटाला आणि स्वतःच्या कर्त्यालाही मागे टाकून थेट भजनाच्या परंपरेत जाऊन बसले. पुढे १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ने वसंत देसाईंच्या चालीतून शाहीर होनाजीची भूपाळी घरोघर पोहोचवली, तेव्हाही हेच घडले, पहाटे ती गुणगुणणाऱ्या कित्येकांनी तो चित्रपट पाहिलेलाही नव्हता.

याउलट, गाजलेल्या प्रणयगीताच्या चालीवर देवाचे नाव बसवून उत्सवाच्या मंडपात ते गायिले जाते, तेव्हा मला मनापासून क्लेश होतो. एकनाथांनीही वासुदेव, जोशी, गोंधळी यांची रस्त्यावरची रूपे उचलून भारुडे रचली, असा दाखला यावर दिला जातो, आणि तो खोटा नाही. पण नाथांचा श्रोता ओळखीच्या वासुदेवाचा हात धरून परमार्थाकडे निघत असे. मंडपातल्या श्रोत्याचे मन मात्र, मुखी देवाचे नाव असूनही, त्या चालीवर नाचलेल्या नायिकेकडे धावते. चाल कोठून आली यापेक्षा ती चित्ताला कोणीकडे नेते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मात्र १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’पुढे ही कसोटी मला अपुरी पडते. ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या वर्षी, अल्प खर्चात निघालेल्या त्या चित्रपटाने अपूर्व यश मिळवले. कवी प्रदीप यांचे शब्द, सी. अर्जुन यांची चाल आणि उषा मंगेशकरांचा कंठ लाभलेली त्यातील आरती सुरू होताच प्रेक्षक पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत. कित्येक जण पादत्राणे बाहेर काढून चित्रगृहात शिरत. व्रतकथेच्या पुस्तिका त्यापूर्वीही होत्या, पण सोळा शुक्रवारांचे, गूळचण्याच्या नैवेद्याचे आणि आंबट वर्ज्य करण्याचे ते व्रत देशभर पसरले ते या चित्रपटानंतर. गल्ल्यासाठी निर्माण केलेली भक्ती म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्या सुशिक्षितांशी मी सहमत नाही. दिवसभर राबून उपास करणारी, सासुरवासाने गांजलेली स्त्री आरतीत जो जीव ओतत होती, त्यावर निर्मात्याच्या हेतूचा डाग लागत नाही.

माझी शंका निराळी आहे. त्या कथेत नायिका सत्यवतीच्या निष्ठेचे फळ म्हणून परागंदा पती धनवान होऊन परततो, छळणाऱ्यांची फजिती होते, आणि आरतीचा प्रत्येक पुनरुच्चार प्रेक्षकाच्या मनात त्या फळाची आशाच दृढ करीत जातो. ‘संत तुकाराम’मध्ये शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत पाठवतात, तोही घरात अन्नाची भ्रांत असताना आणि त्यांच्या संसाराचा भार वाहणाऱ्या पत्नी जिजाईचा संताप समोर उभा असताना. तिकिटे दोन्ही चित्रपटांची विकली गेली आणि गाणी दोन्हींची वाजली, परंतु पागनीसांचे पद गुणगुणत घरी जाणाऱ्याला देवाजवळ काय मागू नये याचे स्मरण होत होते, आणि शुक्रवारची आरती गाणारीला मागण्याचे. आणि तिच्या दारिद्र्याकडे पाहता ते मागणे गैर होते असे म्हणण्यास मात्र माझी जीभ रेटत नाही.