सुकेळे आणि घडी

वाडीतल्या विहिरीच्या हिश्शासंबंधीचे एक जुने मोडी खरेदीखत एका कचेरीच्या संकेतस्थळावर चढवावयाचे होते, आणि त्या कचेरीचा दंडक असा की फाइल 200 केबीच्या वर असता कामा नये. भाच्याने "मामा, दाबून देतो, काही जात नाही" असे म्हणून ती दोन मिनिटांत दाबून दिली. पंधरवड्याने 'दस्तऐवज अवाच्य' असा शेरा मिळून ती परत आली. शेऱ्याचे मला फारसे वाटले नाही, परंतु 'काही जात नाही' हे तीन शब्द मात्र सलत राहिले.

फाइली दाबतात त्या कशासाठी, हे सांगावयास नकोच. जागा वाचते, पाठवणी लवकर होते. माझी तक्रार 'दाबणे' या क्रियापदाविषयी आहे, कारण दोन सर्वस्वी भिन्न कर्मे त्याच्या पोटात दडली आहेत. आमच्या आगाशीत राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात व त्यांची सुकेळी करतात. पाणी उडून जाते, गोडी दाट होते, आणि पानात बांधलेला पुडा खुशाल दूरगावी जातो. पण त्या सुकेळ्यावर घागरभर पाणी ओतले म्हणून त्याचे पुन्हा केळे होत नाही. पैठणीच्या घडीचे तसे नाही. ती उलगडली की पदरावरचा मोर जागच्या जागी असतो. छायाचित्राची जेपीईजी ही सुकेळ्याची जात, आणि झिप ही घडीची. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देते. आभाळावर नि गालांवर ते खपून जाते, परंतु मोडीच्या वळणांची बारीक टोके म्हणजेच ते बारकावे असल्यामुळे, प्रथम तीच गळतात. भाच्याचे उत्तर एवढेच, की "फोनवर तर नीट दिसत होतं."

घडी कशी घालतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी 1977 साली मांडलेली युक्ती अशी, की एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उचल' एवढीच खूण करावी. तिला जोड मिळाली ती डेव्हिड हफमनने 1952 साली प्रसिद्ध केलेल्या रीतीची, जिच्यात वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्यास लांब संकेत देतात. आमचे जुने कारकून 'राजमान्य राजश्री'चे 'रा. रा.' आणि 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'चे 'सा. न. वि. वि.' करीत, ते याहून निराळे काय करीत होते? देवनागरीस तर ही घडी विशेष मानवते. सध्याच्या यूटीएफ-8 लेखनात इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो आणि आपल्या प्रत्येक चिन्हास, मग तो नुसता काना का असेना, तीन. त्या तिहींतला पहिला सदा तोच, आणि दुसरा दोहोंपैकी एक. म्हणजे प्रत्येक काना-मात्रेपूर्वी आपण एक मायना लिहीत असतो! झिप करताना तो बव्हंशी गळून पडतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही.

तेव्हा सुकेळे खाण्यास नि घडी दप्तरास, असा निवाडा करून मी तो भाच्यास ऐकवू लागलो, तोच मूळ खरेदीखत पुढ्यात होते म्हणून माझीच पंचाईत झाली. वाळवीने रकमेतला शेवटचा अंक खाल्ला आहे. उरले आहेत तीन आणि पाच. पण पुढेच 'अक्षरी साडेतीनशे' असे असल्यामुळे व्यवहार शाबूत राहिला. उलट, झिपमधला एखादाच बिट पालटला, तर त्यापुढचे 'मागे जा' भलत्याच ठिकाणी जाऊ लागते आणि पुष्कळदा पुढचा सारा मजकूर हातचा जातो. हुंडीत रक्कम लिहून शिवाय 'निम्मे इतके, त्याची दुप्पट' असे लिहीत, त्यास मी आजवर पाल्हाळ समजत आलो. आता म्हणतो, पुनरुक्ती एक सवयीची असते आणि एक जामिनकीची. पहिली खुशाल दाबावी, दुसरीस हात लावू नये.

भाचा म्हणाला, "मामा, झिपमध्येही ताळा असतो." खरे आहे, 32 बिटांची तपासणी-संख्या तीत असते. पण तो ताळा चूक झाली एवढेच सांगतो, मूळ काय होते ते सांगत नाही. हुंडीचे निम्मे ते सांगते. यावर तो गप्प बसला, बहुधा कंटाळून.

शेवटी खरेदीखताची निव्वळ काळी-पांढरी प्रत काढली. 'इतके पांढरे, मग इतके काळे' अशा नोंदींनी ती सहज मर्यादेत बसली आणि मोडीची टोकेही राहिली. कागदाचा पिवळेपणा नि वाळवीच्या भोकांभोवतीची तपकिरी कड तेवढी गेली. ती कचेरीस नको होती. मला हवी होती, म्हणून न दाबलेली प्रत दोन ठिकाणी ठेविली आहे.