फिल्म लगेच टाकू नकोस

चि. मुक्ता,


तुझी फिल्म दोनदा पाहिली. रहाटाची कुरकुर थांबते आणि आजी मान वळवून बघते, तिथे मी मागे नेऊन परत पाहिलं. छान जमलंय गं.

पण 'आज रात्री यूट्यूबवर टाकते' म्हणालीस, म्हणून हे घाईनं लिहितेय. थांब. कितीतरी महोत्सव आधीच सगळ्यांना खुली झालेली फिल्म घेत नाहीत. ऑस्करमध्येही पात्र ठरण्याआधी लघुपट ऑनलाइन दाखवला, तर तो बाद होतो. माझी पहिली फिल्म मी अशीच एका रात्रीत टाकली होती. तीन आठवड्यांनी एका महोत्सवाचं पत्र आलं: आवडली, पण घेता येत नाही. ती हळहळ अजून गेलेली नाही. तू सध्या विमिओवर पासवर्ड लावून ठेव. तिथे लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. यूट्यूबवर नवी प्रत म्हणजे नवी लिंक.

दुसरं, ते रेडिओवरचं गाणं. त्याचे हक्क घेतलेस का? जिम कमिंग्जची 'थंडर रोड' बघ. आईच्या अंत्यविधीला आलेला पोलीस सगळ्यांसमोर नाचतो, सगळं एकाच शॉटमध्ये. २०१६ मध्ये सनडान्सला लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण ऑनलाइन आणायला ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्याची परवानगी हवी होती. त्यानं स्प्रिंगस्टीनला जाहीर पत्र लिहिलं आणि ती मिळवली. पुढे त्याच गोष्टीचा मोठा चित्रपट केला, त्यात मात्र गाणं वाजतच नाही, माणूस तसाच नाचतो. मला विचारशील तर तुझ्या आजीलाही गाण्याची गरज नाही. रहाट पुरे.

आणि फिल्म कुठे द्यायची हे कळायला आधी तिथे मुक्काम ठोकावा लागतो. 'शॉर्ट ऑफ द वीक' ही वेबसाइट २००७ पासून निवडून निवडून फिल्म दाखवतेय. रोज जेवण झाल्यावर एक बघ, सोबतचा मजकूरही वाच. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं २००९ मध्ये आपला खजिना ऑनलाइन फुकट खुला केला. तिथे 'बीड गेम' शोध. आपल्या अहमदाबादच्या एनआयडीत शिकलेल्या ईशू पटेलांची, १९७७ ची. काळ्या पडद्यावर नुसते मणी. एक मणी दुसऱ्याला गिळतो, त्याचा प्राणी होतो, प्राण्याचा माणूस, माणसाचं युद्ध. पाच-सहा मिनिटं, एक शब्द नाही.

तुझ्या फिल्ममध्ये मात्र शब्द आहेत, म्हणून सबटायटल्सची फाइल पाठव, ओळन् ओळ बघून देते. आजी 'पव्हरा' म्हणते तिथे तू नुसतं 'बकेट' लिहिलंयस. त्यावर रविवारी फोनवर बोलू.

तुझी,
मावशी